आजारपणाची रजा : विमा की ठेव?

डिसेंबर उजाडला की बहुतेक कार्यालयांत एक हिशेब सुरू होतो. नैमित्तिक रजा किती उरल्या, अर्जित रजेच्या खात्यात किती दिवस जमा आहेत, यंदा 'मेडिकल टाकावी' की राखून ठेवावी, याची चर्चा जेवणाच्या सुट्टीत रंगते. कुणी उरलेली 'सी.एल.' वाया जाऊ नये म्हणून ती शनिवार-रविवारला जोडून घेतो; कुणी अंगात ताप असतानाही हजेरीपटावर सही करतो. रजा शिल्लक राहिली तर निवृत्तीच्या वेळी चार पैसे हाती येतील, असा त्याचा हिशेब असतो. निरोप समारंभात तर 'तीस वर्षांत यांनी आजारपणाची एकही रजा घेतली नाही' हे वाक्य गौरवाने उच्चारले जाते आणि टाळ्याही मिळवते.

आजारपणाची रजा वापरावी की साठवावी, हा प्रश्न वरवर पाहता स्वभावाचा किंवा निष्ठेचा वाटतो. प्रत्यक्षात त्याचे उत्तर बरेचसे रजेच्या नियमांत दडलेले असते. कोणती रजा वर्षअखेर रद्द होते, कोणती पुढे जाते आणि कोणत्या रजेचे पैसे मिळतात, यावरच आजारी माणूस घरी राहणार की कामावर येणार, हे अनेकदा ठरते. हे नियम समजून न घेता केलेली बचत पुष्कळदा बचत ठरत नाही. उलट, योग्य रीतीने राखलेली शिल्लक मोठ्या दुखण्यात संसार सावरून धरते.

रजांची नावे आणि त्यांचे स्वभाव

राज्य सरकारी कर्मचाऱ्यांच्या रजा महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ नुसार, तर केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या रजा केंद्रीय नागरी सेवा (रजा) नियम, १९७२ नुसार ठरतात. दोन्हींची चौकट बरीचशी सारखी आहे. गंमत अशी की, ज्या रजेला सर्वजण 'मेडिकल' म्हणतात, त्या नावाचे स्वतंत्र खाते सर्वसाधारण कर्मचाऱ्याच्या सेवापुस्तकात नसते. आजारपणात वापरली जाते ती इतर खात्यांतील रजा, वैद्यकीय प्रमाणपत्राच्या आधारे.

यांतील पहिली नैमित्तिक रजा. ती वर्षाला ८ दिवस मिळते. नियमांच्या भाषेत ती खऱ्या अर्थाने रजाच नव्हे. ती घेणारा कामावर असल्याचे मानले जाते. ३१ डिसेंबरला उरलेले दिवस संपतात. दुसरी अर्जित रजा. १ जानेवारी आणि १ जुलै रोजी प्रत्येकी १५ याप्रमाणे वर्षाला ३० दिवस खात्यात आगाऊ जमा होतात आणि ही शिल्लक ३०० दिवसांपर्यंत साठवता येते. निवृत्तीच्या वेळी याच शिलकीचे रोखीकरण होते.

तिसरी अर्धवेतनी रजा, वर्षाला २० दिवस. नावाप्रमाणे तिच्या काळात निम्मे वेतन मिळते. मात्र वैद्यकीय प्रमाणपत्र दिल्यास ती पूर्ण वेतनी रजेत बदलून घेता येते. अशा रजेला परिवर्तित रजा म्हणतात. तिचा एक दिवस घेतला की अर्धवेतनी रजेच्या खात्यातून दोन दिवस वजा होतात. म्हणजे वर्षाच्या २० अर्धवेतनी दिवसांतून पूर्ण पगाराचे १० दिवस निघतात. बोलीभाषेतली 'मेडिकल' ती हीच. अर्धवेतनी रजा साठवण्यावर कमाल मर्यादा नाही. सर्व खाती रिकामी झाली, तर पुढे मिळणाऱ्या रजेवर उचल म्हणून अनर्जित रजा आणि शेवटी बिनपगारी असाधारण रजा उरते. क्षयरोग, कर्करोग, कुष्ठरोग, पक्षाघात अशा दीर्घ आजारांसाठी राज्याच्या नियमांत वेगळी तरतूद आहे.

सार्वजनिक क्षेत्रातील बँकांत आजारपणाच्या रजेचे स्वतंत्र खाते असते. तेथे वर्षभरात न वापरलेली नैमित्तिक रजा बुडत नाही, ती पुढे आजारपणासाठी वापरता येते. त्यामुळे सरकारी कार्यालयांत डिसेंबरमध्ये दिसणारी 'सी.एल. संपवण्याची' घाई तेथे तुलनेने कमी असते. स्वभाव तेच, नियम वेगळा.

साठवणीचे गणित

सरकारी नोकरीत रजा साठवण्यामागचा मुख्य हेतू रोखीकरण हाच असतो. निवृत्तीच्या वेळचे मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेला ३० ने भागून एका दिवसाचा दर काढतात आणि शिल्लक अर्जित रजेच्या दिवसांनी त्याला गुणतात. समजा, ही बेरीज ९० हजार रुपये आहे. मग एका दिवसाचे ३ हजार आणि ३०० दिवसांचे ९ लाख रुपये होतात. ही रक्कम लहान नाही. घराचे उरलेले कर्ज किंवा मुलीचे लग्न तिच्यातून पार पडते. त्यामुळे रजा म्हणजे ठेव, ही भावना रुजली तर नवल नाही.

मात्र या ठेवीचे काही नियम बँकेतल्या ठेवीसारखे नाहीत. पहिला म्हणजे कमाल मर्यादेचा. वर्षाला ३० दिवस जमा होत असल्याने, एकही दिवस न वापरणाऱ्याचे खाते दहा वर्षांत ३०० वर पोहोचते. त्यानंतर प्रत्येक सहामाहीचे १५ दिवस त्याच सहामाहीत वापरले नाहीत, तर ते बुडतात. तीस वर्षांच्या सेवेत अर्जित रजा सुमारे ९०० दिवस मिळते आणि पैसे जास्तीत जास्त ३०० दिवसांचे मिळतात. उरलेले ६०० दिवस वापरले काय आणि न वापरले काय, हाती येणाऱ्या रकमेत एका रुपयाचाही फरक पडत नाही.

दुसरा नियम दराचा. रजेच्या दिवसाची किंमत तो दिवस कधी साठवला यावर ठरत नाही, तर निवृत्तीच्या वेळच्या वेतनावर ठरते. पंचविसाव्या वर्षी ताप अंगावर काढून वाचवलेला दिवस आणि सत्तावन्नाव्या वर्षी राखलेला दिवस यांना सारखाच दर मिळतो. सेवेच्या अखेरच्या दहा वर्षांतही ३०० दिवस साठू शकतात. त्यामुळे तरुणपणी आजार अंगावर काढण्याला आर्थिक आधार फारसा उरत नाही. अपवाद एकच आणि तो महत्त्वाचा आहे. सेवेत असताना मृत्यू ओढवल्यास शिल्लक अर्जित रजेचे पैसे कुटुंबाला मिळतात. म्हणून खाते अगदीच रिकामे ठेवणेही शहाणपणाचे नाही.

तिसरा मुद्दा अर्धवेतनी रजेचा. तीस वर्षांत तिचे ६०० दिवस होतात, म्हणजे वैद्यकीय प्रमाणपत्रावर पूर्ण पगाराचे ३०० दिवस. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या बाबतीत सहाव्या वेतन आयोगानंतर एक सवलत मिळाली. अर्जित रजा ३०० दिवसांपेक्षा कमी असेल, तर तेवढी तूट अर्धवेतनी रजेच्या दिवसांनी, अर्ध्या वेतनाच्या दराने भरून काढता येते. पण ज्याची अर्जित रजा पूर्ण ३०० आहे, त्याला अर्धवेतनी रजेचा एकही पैसा मिळत नाही. अर्थात, ज्याने अर्जित रजा काटेकोरपणे साठवली, त्यानेच आजारपणात परिवर्तित रजा निःशंकपणे वापरायला हवी. कार्यालयांत दिसते ते बहुधा याच्या उलट; दोन्ही खाती जपणारा माणूसच तापात कामावर येतो.

खासगी क्षेत्रात रोखीकरणाच्या रकमेवर प्राप्तिकराचा प्रश्न येतो. सरकारी कर्मचाऱ्याला निवृत्तीच्या वेळी मिळणारी ही रक्कम करमुक्त असते. बिगरसरकारी कर्मचाऱ्यांसाठी करमुक्तीची मर्यादा दीर्घकाळ ३ लाख रुपये होती. २०२३ मध्ये ती २५ लाखांवर नेण्यात आली. ही वाढ रास्त होती, पण तिच्यामुळे रजेकडे ठेव म्हणून पाहण्याच्या वृत्तीलाही बळ मिळाले.

कारखाना आणि दुकान

सरकारी कचेरीच्या बाहेर पाऊल टाकले की चित्र पालटते. कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये आजारपणाची वेगळी रजा नव्हती. मागील वर्षात २४० दिवस काम केलेल्या कामगाराला दर २० दिवसांमागे एक दिवस पगारी रजा आणि ३० दिवसांपर्यंत ती पुढे नेण्याची मुभा, एवढीच तरतूद होती. या कायद्याची जागा घेणारी २०२० ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिने २४० दिवसांची अट १८० दिवसांवर आणली आणि शिल्लक रजेचे पैसे वर्षअखेरीस मागण्याची सोय केली. आजारपणासाठी राखीव दिवस मात्र तिच्यातही आले नाहीत.

महाराष्ट्रातील दुकाने आणि आस्थापनांसाठी २०१७ चा कायदा आहे. त्यानुसार वर्षाला ८ दिवस नैमित्तिक रजा मिळते आणि ती वर्षअखेर संपते. शिवाय दर २० दिवसांमागे एक दिवस पगारी रजा मिळते आणि ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. या कायद्यातही 'आजारपणाची रजा' असे स्वतंत्र कलम नाही. मुंबई-पुण्यातील अनेक खासगी कंपन्या ६, ७ किंवा १२ दिवसांची 'सिक लीव्ह' देतात, ती आपल्या धोरणानुसार किंवा कामगार संघटनेशी झालेल्या करारानुसार. म्हणून नियुक्तिपत्रातील आणि मनुष्यबळ विभागाच्या पुस्तिकेतील रजेची कलमे वाचणे आवश्यक ठरते. ही रजा पुढे जाते की बुडते, हे कंपनीगणिक बदलते. बुडणारी असेल, तर डिसेंबरमध्ये अचानक 'पोटदुखी' वाढते आणि त्यात नवल वाटण्याजोगे काही नाही.

या सर्व व्यवस्थेबाहेर रोजंदारीचा मजूर, घरकाम करणारी बाई, घरपोच सामान पोहोचवणारा तरुण आणि अनेक कंत्राटी कामगार उभे आहेत. त्यांच्या शब्दकोशात रजा नाही. तेथे 'खाडा' आहे. एक दिवस पडून राहिले की त्या दिवसाची मजुरी गेली. वापरावी की साठवावी, हा प्रश्न त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही.

विम्याची कल्पना

आजारपण हा एकट्याने पेलायचा भार नसून अनेकांनी मिळून वाटून घ्यायचा धोका आहे, ही कल्पना भारतात रुजवण्याचा पहिला मोठा प्रयत्न एका मराठी अर्थतज्ज्ञाच्या नावाशी जोडलेला आहे. औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याविषयीचा अहवाल प्रा. बी. पी. आडारकर यांनी १९४४ मध्ये सरकारला सादर केला. त्यातूनच कर्मचारी राज्य विमा कायदा, १९४८ आकाराला आला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्ली येथे योजनेचा प्रारंभ झाला. पुढे ती मुंबई, नागपूर आणि राज्यातील इतर औद्योगिक भागांत पसरली.

या योजनेत महिना २१ हजार रुपयांपर्यंत वेतन असलेला कामगार येतो. ही मर्यादा २०१७ पासूनची आहे. जुलै २०१९ पासून कामगाराकडून वेतनाच्या ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के वर्गणी घेतली जाते. सहा महिन्यांच्या वर्गणी काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर आजारपणात वेतनाच्या ७० टक्के दराने वर्षाला ९१ दिवसांपर्यंत लाभ मिळतो. क्षयरोग, कर्करोग आदी ३४ दीर्घ आजारांत, पुरेशी सेवा आणि वर्गणी असल्यास, हा लाभ ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत वाढतो.

येथे साठवणुकीचा प्रश्नच उद्भवत नाही. यंदा ९१ दिवस न वापरणाऱ्याला पुढच्या वर्षी १८२ मिळत नाहीत आणि न वापरल्याबद्दल पैसेही मिळत नाहीत. ज्याला गरज पडली त्याने घ्यावे, हे विम्याचे तत्त्व. मात्र योजनेतील एक अट छोट्या आजारांच्या आड येते. आजारपणाच्या पहिल्या दोन दिवसांचा लाभ सहसा मिळत नाही. दोन दिवसांचा ताप असेल तर कामगाराला हाती काहीच लागत नाही. पगारी रजा शिल्लक नसेल, तर तो दुसऱ्याच दिवशी यंत्रावर उभा राहतो. शिवाय महिन्याला २१ हजारांपेक्षा थोडेसे अधिक कमावणारा कामगार योजनेबाहेर पडतो आणि कंपनीच्या धोरणावर विसंबून राहतो.

वापरणारे, साठवणारे आणि उडवणारे

प्रत्येक कार्यालयात रजेच्या बाबतीत साधारण तीन वृत्ती आढळतात. पहिली साठवणाऱ्यांची. यांत जुन्या पिढीतील अनेकजण असतात. गिरणी, रेल्वे, टपाल, महापालिका अशा ठिकाणी नोकरी म्हणजे आयुष्याचा आधार होता आणि हजेरी हा निष्ठेचा पुरावा होता. घरातल्या कर्त्या माणसाचे दुखणे म्हणजे सगळ्या घराचे संकट, ही भीतीही या साठवणीच्या मुळाशी असते. ती निराधार म्हणता येणार नाही. शस्त्रक्रिया, अपघात किंवा कर्करोगाचे उपचार सुरू झाले की रजेच्या खात्यातील दोनशे दिवस किती मोलाचे असतात, हे त्या प्रसंगातून गेलेल्या कुटुंबांना ठाऊक असते.

दुसरी वृत्ती 'आपलीच आहे, घेऊन टाकू' म्हणणाऱ्यांची. मिळालेली प्रत्येक रजा त्याच वर्षी संपवायची, मग कारण काहीही असो. गणेशोत्सवात कोकणात जाणाऱ्यांच्या वैद्यकीय प्रमाणपत्रांवरून प्रत्येक कार्यालयात विनोद होतात. नैमित्तिक रजा संपलेली असते आणि अर्जित रजा मंजूर करण्यास साहेब नाखूश असतात, मग 'मेडिकल' पुढे येते. यात लबाडी असतेच. पण साधी रजा वेळेवर न देणारी व्यवस्थाही तिला हातभार लावते.

तिसरी वृत्ती गरजेपुरते वापरणाऱ्यांची. ताप आला की घरी राहायचे, बरे वाटले की यायचे, एवढाच त्यांचा हिशेब. अशांची चर्चा फारशी होत नाही. दांडीबहाद्दर म्हणून ते बदनाम नसतात आणि निरोप समारंभात त्यांच्या रजेचा उल्लेखही होत नाही.

रजेला कधी सामूहिक रूपही येते. सप्टेंबर २००९ मध्ये जेट एअरवेजच्या वैमानिकांनी संघटना स्थापण्यावरून काढून टाकलेल्या सहकाऱ्यांना पाठिंबा म्हणून एकाच वेळी आजारपणाच्या रजा टाकल्या. शेकडो उड्डाणे रद्द झाली आणि मुंबईसह अनेक विमानतळांवर प्रवाशांचे हाल झाले. मे २०२४ मध्ये एअर इंडिया एक्स्प्रेसच्या विमान कर्मचाऱ्यांनीही हाच मार्ग धरला. संप हा शब्द न उच्चारता केलेला तो संपच होता. अशा प्रत्येक प्रसंगानंतर आजारपणाच्या रजेकडे संशयाने पाहण्याची व्यवस्थापनाची सवय वाढते आणि तिची झळ खरोखर आजारी असलेल्यालाही बसते.

प्रमाणपत्राचा प्रश्न

या संशयावरचा पारंपरिक उपाय म्हणजे डॉक्टरचा दाखला. सरकारी नियमांनुसार रजा हक्क म्हणून मागता येत नाही. कामाच्या निकडीमुळे ती नाकारता येते. वैद्यकीय प्रमाणपत्राबद्दल शंका असल्यास सक्षम अधिकारी दुसऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडून तपासणी करून घेऊ शकतो. वैद्यकीय रजेवरून परतताना कामास योग्य असल्याचे प्रमाणपत्रही द्यावे लागते. राज्य विमा योजनेत हे प्रमाणपत्र योजनेच्या दवाखान्यातील किंवा नेमलेल्या डॉक्टरकडून मिळते. मालकाच्या मर्जीवर ते अवलंबून नसते.

खोटा दाखला हा केवळ कर्मचाऱ्याचा गुन्हा नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार डॉक्टरने दिलेल्या प्रमाणपत्रांची नोंदवही ठेवणे, त्यात रुग्णाची ओळखीची खूण, सही किंवा अंगठा नोंदवणे आणि प्रत जपणे बंधनकारक आहे. खोटे प्रमाणपत्र देणे हे व्यावसायिक गैरवर्तन ठरते. तरीही एका दिवसाच्या सर्दी-तापासाठी दाखला मागण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे. तिच्यामुळे साध्या विश्रांतीने बरा होणारा माणूस दवाखान्याच्या रांगेत बसतो, तपासणीचे पैसे भरतो आणि दाखला मिळवण्याच्या या दगदगीपेक्षा कामावर गेलेले बरे, असे म्हणून पुढच्या वेळी तापातच लोकल पकडतो.

तापातली हजेरी

आजारी असताना कामावर येणे ही निष्ठा मानली जाते, पण तिची किंमत इतरांनाही मोजावी लागते. फ्लूचा रुग्ण लक्षणे दिसण्याच्या सुमारे एक दिवस आधीपासून पुढे पाच ते सात दिवस इतरांना संसर्ग देऊ शकतो. वातानुकूलित दालन, शेजारी शेजारी मांडलेली टेबले आणि गर्दीची लोकल यांत एकाची सर्दी आठवडाभरात सगळ्या विभागाची होते. त्याने वाचवलेला एक दिवस सहकाऱ्यांच्या पाच-सहा दिवसांतून वसूल होतो.

स्वतःच्या प्रकृतीचे काय होते, याविषयी ब्रिटनमधील एक अभ्यास उद्बोधक आहे. लंडनमधील सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्याचा १९८५ पासून मागोवा घेणाऱ्या 'व्हाइटहॉल-२' या पाहणीतील एक निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रकृती बरी नसतानाही रजाच न घेणाऱ्या पुरुष कर्मचाऱ्यांत हृदयविकाराच्या गंभीर घटनांचे प्रमाण, तशीच प्रकृती असूनही माफक रजा घेणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट आढळले. एका पाहणीवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. पण छातीत दुखत असताना 'सध्या काम फार आहे' म्हणून तपासणी पुढे ढकलणाऱ्याने विचार करावा, इतका हा निष्कर्ष गंभीर आहे.

सतत हजर असण्याला आर्थिक क्षेत्रात तर वेगळ्याच दृष्टीने पाहिले जाते. रिझर्व्ह बँकेने जुलै २०२१ च्या परिपत्रकाद्वारे बँकांतील संवेदनशील जागांवरील कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान १० कामाचे दिवस सलग आणि पूर्वसूचना न देता रजेवर पाठवण्याचा दंडक घातला. एखादा माणूस खुर्ची सोडतच नसेल, तर त्याच्या मागे काय चालले आहे हे दुसऱ्या कुणाला कळत नाही, हे त्यामागचे कारण. निरोप समारंभात ज्याचा गौरव होतो, तेच लेखापरीक्षकाच्या नजरेत धोक्याचे चिन्ह ठरू शकते.

परदेशांतील दाखले

नियम बदलला की वृत्ती बदलते, याचे ठळक उदाहरण अमेरिकेच्या संघराज्य सरकारी सेवेत सापडते. तेथे कर्मचाऱ्याला वर्षाला १३ दिवस आजारपणाची रजा मिळते आणि ती कितीही साठवता येते. जुन्या निवृत्तिवेतन योजनेत ही शिल्लक सेवाकाळात धरली जाई, त्यामुळे लोक ती जपत. १९८७ पासून आलेल्या नव्या योजनेत शिलकीला काहीच किंमत नव्हती. परिणामी, निवृत्ती जवळ आली की कर्मचारी 'आजारी' पडू लागले. त्या योजनेच्या नावावरून या प्रकाराला 'फर्स फ्लू' असे गमतीदार नाव पडले. अखेर २००९ च्या कायद्याने शिलकीचा निम्मा भाग आणि २०१४ पासून संपूर्ण शिल्लक सेवाकाळात धरली जाऊ लागली. एकाच कार्यालयात शेजारी बसणारी माणसे केवळ योजना वेगळी म्हणून निराळी वागत होती.

जर्मनीत साठवणुकीचा प्रश्नच उद्भवत नाही. १८८३ मध्ये बिस्मार्कच्या काळात तेथे आजारपणाचा सक्तीचा विमा आला. आज तेथे आजारी कर्मचाऱ्याला सहा आठवड्यांपर्यंत मालकाकडून पूर्ण वेतन आणि त्यानंतर विमा संस्थेकडून कमी दराने भत्ता मिळतो. रजेचे खातेच नसल्याने शिल्लक जपण्यासाठी तापात कामावर येण्याचे कारणही उरत नाही. मोठे दुखणे आले तर काय, ही चिंता तेथे व्यक्तीऐवजी विमा वाहतो.

२०२० नंतर

करोनाच्या साथीने या विषयावरील जुने समज हलवले. खोकणाऱ्या सहकाऱ्याला 'घरी जा' असे सांगणे उद्धटपणाचे न राहता कर्तव्य बनले. मात्र त्याच काळात घरून काम करण्याची पद्धत रुळली आणि एक नवी अडचण उभी राहिली. संगणक घरातच असल्याने ताप आलेला माणूस रजा न टाकता अंथरुणातूनच बैठकीला हजर राहू लागला. संसर्ग टळतो हे खरे, पण विश्रांती मिळत नाही; आणि आजाराची कुठे नोंदही होत नाही. हिंजवडी किंवा ऐरोलीतील तरुण कर्मचाऱ्याची 'सिक लीव्ह' वर्षअखेर तशीच्या तशी उरते आणि बुडते, ती बहुधा याच कारणाने.

हिशेब कसा मांडावा

या सर्वांतून काही व्यावहारिक गोष्टी निघतात. आपल्या प्रत्येक रजेबाबत तीन प्रश्न विचारावेत. ती वर्षअखेर संपते का? तिची साठवण किती दिवसांपर्यंत होते? आणि तिचे पैसे मिळतात का? जी संपते आणि जिचे पैसे मिळत नाहीत, ती लहानसहान दुखण्यात आधी वापरावी. जी साठते पण जिचे पैसे मिळत नाहीत, ती मोठ्या आजारासाठी राखावी, मात्र गरज पडल्यास खर्च करताना हात आखडू नये. जिचे पैसे मिळतात, ती कमाल मर्यादेच्या आत जपावी. मर्यादेवर पोहोचल्यानंतर ती न वापरणे म्हणजे ती सरळ सोडून देणे होय. सेवापुस्तकातील किंवा संगणकावरील रजेचे खाते वर्षातून एकदा पडताळून घ्यावे. निवृत्तीच्या तोंडावर नोंदींतील चुका दुरुस्त करून घेणे फार जिकिरीचे असते.

जबाबदारी कर्मचाऱ्यावरच संपत नाही. एका दिवसाच्या तापासाठी दाखला न मागणे, साधी रजा वेळेवर मंजूर करणे, रजेवरील माणसाचे काम दुसऱ्याला ठाऊक असेल अशी व्यवस्था ठेवणे आणि न घेतलेल्या रजेला बक्षीस न देणे, या गोष्टी कार्यालयप्रमुखाच्या हातात असतात. निरोप समारंभातल्या भाषणात माणसाच्या कामाचा गौरव जरूर व्हावा; त्यासाठी त्याने किती ताप अंगावर काढले, हे मोजण्याची गरज नाही. डिसेंबरमधल्या हिशेबात उरलेल्या दिवसांबरोबरच वर्षभरात टाळलेली रक्ततपासणी, पुढे ढकललेली शस्त्रक्रिया आणि अर्धवट सोडलेली औषधे यांचीही एकदा मोजदाद झाली, तर शिलकीचा खरा आकडा समोर येईल.